पहारा कुणावर? पहारा कुणासाठी?

चोरी मोठ्या कॉलनीत झाली की पोलीस आमच्या वस्तीत येतात. चोरी आमच्या वस्तीत झाली तर पोलीस येतच नाहीत. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गुन्हेगारी म्हटले की झोपडपट्टीकडे बोट दाखवणाऱ्या वर्गाला एक साधे सत्य दिसत नाही. झोपडपट्टीतला माणूस गुन्ह्याचा पहिला संशयित असतो, तसाच तो पहिला बळीही असतो. त्याच्या खिडकीला ग्रिल नाही, गल्लीत कॅमेरा नाही, दारावर चौकीदार नाही. उलट मोठ्या कॉलनीच्या गेटवर रात्रभर जागणारा चौकीदार आमच्याच वस्तीतून जातो. दुसऱ्याच्या घराची राखण करून तो सकाळी परततो, तेव्हा त्याच्याच घराचे कुलूप तुटलेले असते.

गेल्या उन्हाळ्यात हे नेहमीपेक्षा जास्त झाले. लग्नकार्यासाठी गावी गेलेल्या कुटुंबांची घरे फुटली. पाण्याच्या मोटारी गेल्या, सिलिंडर गेले, गल्लीत लावलेल्या गाड्यांतले पेट्रोल रोज जाऊ लागले. धुणीभांडी करणाऱ्या एका माउलीने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी डब्यात साठवलेले ३८ हजार रुपये गेले. ती ठाण्यात गेली तेव्हा गुन्हा नोंदवून घेण्याऐवजी तिला सांगितले, "अर्ज देऊन जा, बघू." अर्जावर शिक्काही दिला नाही. त्याच महिन्यात नाल्याच्या कडेने ट्यूशनला जाणाऱ्या मुलींच्या मागे गाड्या फिरू लागल्या. त्या रस्त्यावरचे दिवे बंद होते. तीन घरांनी मुलींची ट्यूशन बंद केली. चोराने नेलेली मोटार कर्ज काढून परत आणता येते. अंधाराने नेलेले मुलीचे दहावीचे वर्ष कुठून आणायचे?

म्हणून एका रविवारी वंदनेनंतर विहारातच बैठक बसली. रात्रगस्त सुरू करायची, यावर दुमत नव्हते. तरुणांनी व्हॉट्सअॅप गट तिथेच तयार केला. कुणी काठ्या आणायच्या, कुणी शिट्ट्या, हेही ठरू लागले. मग एक तरुण उठून म्हणाला, "ताई, गस्त-बिस्त नंतर. आधी रुळाकडची ती पालं उठवा. पारधी गेले की चोऱ्या बंद, लिहून घ्या." अनेकांनी माना डोलावल्या. जय भीम म्हणून आत आलेल्या, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

या लेखाचा विषय ती मान डोलावणे हा आहे. गस्तगट कसा उभारावा हे सांगणारी माणसे पुष्कळ मिळतील. पण गस्त घालणाऱ्याच्या डोक्यात चोराचा चेहरा आधीच कोरलेला असेल, तर ती गस्त वस्तीला सुरक्षित करत नाही. ती फक्त गावकूस नव्याने बांधते. गावकूस काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

राखण करणे आमच्या समाजाला नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेस आमच्या पूर्वजांनी राखली. वेसकर तेच, शिवेच्या वादात साक्ष देणारे तेच, सरकारी खजिना तालुक्याला पोचवणारे तेच, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणारे तेच. बदल्यात काय मिळाले? तुकडाभर वतनी जमीन, दारोदार मागून आणायचे बलुते आणि वेशीबाहेरचे घर. ज्या गावाची राखण करायची त्या गावात राहण्याचा अधिकार नाही. गावात चोरी झाली तर जाब मात्र आधी यांनाच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे बिल आणले, ते या गुलामीवर घाव घालण्यासाठीच. पण हे कनिष्ठ वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीने हे जू प्रत्यक्ष वाहिले आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेची राखण करायची आणि स्वतः संशयित राहायचे, हा आमचा इतिहास आहे. आज आम्ही प्रथमच आमच्याच घरांची, आमच्याच मुलींची राखण करायला निघालो आहोत. मग आमच्या वेशीबाहेर आम्ही कुणाला बसवणार आहोत?

पारधी समाजाच्या माथ्यावरचा शिक्का पारध्यांनी मारून घेतलेला नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसाने काही करण्याआधीच, तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवले. हजेरी, परवाना, कुंपणाच्या आतली वसाहत. जन्मावरून कर्म ठरवण्याची ही कल्पना इंग्रजांना या देशात रुजवायला कष्ट पडले नाहीत, कारण जमीन मनुस्मृतीने आधीच नांगरून ठेवली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण त्यांच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या नजरेतला शिक्का तसाच राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतही तो राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. घटना लागू होऊन तोवर ७४ वर्षे झाली होती.

समाजशास्त्र शिकताना हॉवर्ड बेकर या अमेरिकन अभ्यासकाचे १९६३ मधले 'आउटसायडर्स' हे पुस्तक आम्ही अभ्यासले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की एखादे कृत्य 'गुन्हेगारी' ठरते ते समाज त्यावर ती चिठ्ठी चिकटवतो म्हणून, आणि चिठ्ठी कुणाला चिकटवायची हे सत्ता असलेले लोक ठरवतात. परीक्षेत आम्ही हे उत्तर लिहिले, गुणही मिळवले. पण त्याचा खरा अर्थ विहारातल्या त्या बैठकीत समोर आला. ज्यांच्या पाठीवर ती चिठ्ठी शतकानुशतके होती, त्यांच्याच हातात आता डिंक आणि कागद होता.

शिक्का आणि जमाव एकत्र आले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मुले पळवणारे आहेत, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली भटकी माणसे ती. त्यांना मारणाऱ्यांना त्या क्षणी आपण गुन्हा करतो आहोत असे वाटत नव्हते. आपण आपल्या लेकरांची राखण करतो आहोत, असेच त्यांना वाटत होते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. २६ फेब्रुवारी २०१२ ला अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या सॅनफर्ड गावी ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा दुकानातून खाऊ घेऊन परतत होता. वसाहतीच्या गस्तगटाच्या प्रमुखाला तो 'संशयास्पद' वाटला. त्याने पोलिसांना फोन केला. त्याच्या मागे जाण्याची गरज नाही, असे फोनवर सांगितले गेले. तरी झटापट झाली आणि त्या मुलाचा गोळीने जीव गेला. पुढच्या वर्षी ज्यूरीने गोळी झाडणाऱ्याला निर्दोष सोडले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून काळ्यांचे दुःख आपल्याला परके नाही. म्हणून हा धडाही आपल्यासाठीच आहे. गस्तगट सदोष माणसांमुळे बिघडतो असे नाही. 'संशयास्पद' हा शब्द कुणाला लावायचा, याचा नियम नसला की तो बिघडतो.

आता कुणी म्हणेल, मग काय गप्प बसायचे? नाही. गप्प बसण्याची किंमतही नागपूरने पाहिली आहे. याच शहरातल्या कस्तुरबा नगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ दहशत माजवली. बायकांवर अत्याचार केले. तक्रार करणाऱ्यांना संरक्षण मिळाले नाही. शेवटी १३ ऑगस्ट २००४ ला न्यायालयाच्या आवारातच वस्तीतल्या बायकांच्या जमावाने त्याला ठार केले. पुढे खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या मायबहिणींना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. दोष आहे तो दहा वर्षे कान बंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा. पण त्या घटनेचा जयजयकारही आम्ही करणार नाही. राज्ययंत्रणा दलित वस्तीत हजर नसली की वस्तीसमोर दोनच वाटा उरतात, रोज मरायचे किंवा एक दिवस मारायचे. आम्हाला तिसरी वाट हवी होती.

ती वाट बाबासाहेबांनी दाखवलेली आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांवर महाडमध्ये सवर्णांच्या जमावाने हल्ला केला. आपल्यात फौजेतून आलेली, दोन हात करायला तयार असलेली माणसे होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. प्रकरण पोलिसांत गेले, न्यायालयात गेले आणि हल्लेखोरांना शिक्षाही झाल्या. समता सैनिक दलाचा अर्थ आम्ही हाच लावतो. ताकद असावी, पण ती शिस्तीत बांधलेली असावी. ज्याच्या अंगात ताकद आहे आणि तरीही जो हात उचलत नाही, तोच सैनिक.

तर मूळ बैठकीकडे येतो. त्या रविवारी ठराव झाला नाही. तीन रविवार वाद झाला. काही तरुण रागावून गेले, त्यातले दोघे परत आले नाहीत. शेवटी जे नियम ठरले ते विहाराच्या भिंतीवर लावले आहेत. इतर वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

१. कुणावरही हात उचलायचा नाही. गस्तीत काठी नाही. शिट्टी, बॅटरी आणि मोबाईल एवढेच.

२. अनोळखी माणसाला नाव, जात, आधार कार्ड विचारायचे नाही. "कुणाकडे जायचे आहे? काही मदत हवी का?" एवढेच विचारायचे. भल्या माणसाला वाट सापडते आणि चोराला कळते की आपल्याला कुणी पाहिले आहे.

३. माणसाचा फोटो किंवा 'याच्यापासून सावध' असा निरोप गटावर टाकायचा नाही. गटावर फक्त जागा, वेळ आणि घटना.

४. गुन्हा घडताना दिसला तर आधी ११२ ला फोन. फोनची वेळ आणि पोलीस आल्याची वेळ वहीत लिहायची.

५. प्रत्येक पाळीत किमान एक बाई. प्यालेल्या माणसाला पाळी नाही, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो.

६. गट कोणत्याही पक्षाचा नाही, कोणत्याही नगरसेवकाचा नाही.

चौथ्या नियमातली वही हे आमचे सर्वांत मोठे हत्यार ठरले. आपल्याकडे गस्त म्हणजे फक्त चोरावर नजर. आमची वही पोलिसांवर आणि महानगरपालिकेवरही नजर ठेवते. पहिल्या आठवड्यात आम्ही चोर शोधलाच नाही, दिव्याचे खांब मोजले. ४३ खांब, त्यातले १७ बंद, आणि १७ पैकी ९ नाल्याच्या त्याच रस्त्यावर. खांबांवर क्रमांक टाकले, झोन कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. दर सोमवारी बचत गटाच्या बायका पोच घेऊन जाऊन उभ्या राहिल्या. पाच आठवड्यांत १४ दिवे लागले. रात्री दोन वाजताच्या गस्तीने जेवढे झाले नाही तेवढे त्या १४ दिव्यांनी झाले.

गस्तीची वेळही बायकांनीच बदलली. तरुणांना मध्यरात्रीची गस्त हवी होती, त्यात शौर्य वाटते. बायका म्हणाल्या, आम्हाला भीती संध्याकाळी सात ते दहा वाटते. पोरी ट्यूशनवरून येतात, आम्ही कामावरून येतो. म्हणून मुख्य पाळी ती ठरली. तीनपैकी दोन मुलींची ट्यूशन पुन्हा सुरू झाली. तिसरीचे लग्न ठरवून टाकले होते. तिथे आम्ही उशिरा पोचलो नाही, तिथे सगळा समाजच उशिरा पोचतो.

दुसरे काम गुन्हा नोंदवून घेण्याचे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे आणि तिची प्रत फुकट देणे पोलिसांना बंधनकारक आहे. ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवता येते. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. नर्सिंगच्या पैशांची चोरी झालेल्या त्या माउलीची तक्रार आम्ही अशीच पाठवली. तीन आठवड्यांनी गुन्हा नोंदवला गेला. पैसे मिळाले नाहीत. पण 'अर्ज देऊन जा' म्हणणाऱ्याला पहिल्यांदा कागदावर उत्तर द्यावे लागले.

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. रात्री अकराच्या सुमारास आमच्या दोन सदस्यांनी एका बंद घराच्या मागच्या भिंतीवरून पितळेच्या भांड्यांचे पोते घेऊन उतरताना एकाला पकडले. विशीतला पोरगा होता. आणि तो पालांवरचाच होता. पाच मिनिटांत शंभर माणसे जमली. "बघा, सांगितले नव्हते का!" हे वाक्य चारी बाजूंनी येऊ लागले.

वाचकांनी इथे थांबून विचार करावा. तो निर्दोष असता, तर त्याला वाचवणे सोपे होते. निर्दोषाच्या बाजूने उभे राहिले की टाळ्या मिळतात. पण तो चोर होता, मालासकट सापडला होता. आमचा नियम टिकतो की नाही, हे अशाच रात्री ठरणार होते. बचत गटाच्या चार बायका त्याच्याभोवती पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यातली एक तीच, जिचे ३८ हजार गेले होते. तिला कुणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, "माझे पैसे यानं नेले का नाही मला माहीत नाही. याला माराल तर ते मला परत भेटणार नाहीत."

डोळ्यांदेखत अजामीनपात्र, दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. संहितेचे कलम ४० हे सांगते. मारण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही. आमच्या वहीत ११२ चा फोन ११ वाजून ८ मिनिटांनी आणि गाडी ११ वाजून ५० मिनिटांनी आल्याची नोंद आहे. दोन बाया त्याच्यासोबत ठाण्यात गेल्या. त्याच्या घरच्यांना कळवा आणि त्याची वैद्यकीय तपासणी करा, हे त्यांनी लावून धरले. ठाण्यातला एक जण हसून म्हणाला, "बाई, तुमचंच घर फोडलं अन् तुम्ही चोराची वकिली करून राहिल्या का?" ठाण्याबाहेर त्या पोराची बायको तान्हे बाळ घेऊन बसली होती. ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पेटला. सिद्ध झाले ना, पारधीच चोर? आम्ही एवढेच विचारले, मागच्या महिन्यात गाड्यांतले पेट्रोल काढताना आपल्याच गल्लीतली दोन पोरे सापडली. तेव्हा कुणी म्हणाले का, की बौद्धच चोर? त्यांच्या आईबापांना बोलावले, समज दिली, पोरे आहेत म्हणून सोडले. पण पलीकडच्या कॉलनीत जाऊन ऐका. तिथे हेच म्हणतात, की 'त्या' वस्तीतले सगळे तसलेच. आपल्या पोराने चूक केली तर ती त्याची एकट्याची आणि त्यांच्या पोराने केली तर अख्ख्या जातीची, हे गणित आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्यांनीच आपल्याला वेशीबाहेर ठेवले होते. चोराला शिक्षा व्हावी, न्यायालयात व्हावी, कायद्याने सांगितली तेवढी व्हावी. बापजाद्यांची शिक्षा लेकरांना नको आणि एकाची शिक्षा पालांना नको. समता, स्वातंत्र्य, बंधुता यांपैकी बंधुता हीच सर्वांत अवघड आहे, कारण ती आपल्याला वरच्यांकडे मागायची नसते, खालच्यांना द्यायची असते.

आता पोलीसही आमच्या गटाला ओळखतात. ओळखपत्रे देतो, 'पोलीस मित्र' व्हा, असा निरोप आला. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. पोलिसांशी वैर नाही, पण वस्तीतल्या माणसाने आमच्याकडे खबरी म्हणून पाहिले तर ज्या दिवशी एखाद्या बहिणीला घरातच मार बसेल, त्या दिवशी ती आमचे दार ठोठावणार नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वस्तीतला मोठा गुन्हा अंधारात भिंत चढून येत नाही, तो दारू पिऊन पुढच्या दाराने घरात येतो. कोपऱ्यावर उभ्या गस्तीला तो दिसत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा समजावून सांगणाऱ्या बैठका आता सुरू केल्या आहेत. त्यांना पुरुष फार येत नाहीत.

चोऱ्या पूर्ण बंद झाल्या असे आम्ही सांगणार नाही. कमी झाल्या आहेत. सुरक्षा ही राज्याची जबाबदारी आहे आणि ती आम्ही गस्त घालतो म्हणून संपत नाही. म्हणूनच वही चालू आहे. उरलेल्या ३ दिव्यांसाठी सोमवारचे जाणे चालू आहे.

पालांवरचा एक माणूस आता बैठकीला येतो. एकटाच येतो आणि दाराशी बसतो. 'आत या' म्हटले तरी दाराशीच बसतो. दाराशी बसण्याचा अर्थ आमच्या आजोबांना माहीत होता, आम्हालाही माहीत आहे. तो आत येऊन बसेल, पाळी घेईल आणि बॅटरी घेऊन आमच्या दारावरून फिरेल, तेव्हा आमच्या गटाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे आम्ही मानू. तोवर सतरंजी दारापर्यंत अंथरायची, असा ठराव गेल्या रविवारी एकमताने झाला आहे.

नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!